पानात न मावलेली ओळ

मामा, तुला जाऊन आज नऊ दिवस झाले आणि मला भरदुपारी भीती वाटते. अंगणात ऊन पांढरं पडलेलं असतं, मामी भिंतीला टेकून बसलेली असते, आणि बाहेर कडी वाजली की मी दचकून उभी राहते. मी सभेत बोलणारी, सरकारी दफ्तरात टेबलावर हात आपटणारी मुलगी. तू मला कधी घाबरलेली पाहिलं नाहीस. म्हणून आधी हेच सांगते.

तुझं वय किती, शेत किती, मागे कोण कोण, हे ज्यांना माहीत हवं त्यांना माहीत आहे. मला तुझ्याशी बोलायचं आहे आणि हे बोलणं छापायचंही आहे. मी चार वर्षांपूर्वी छापलेला तो कागद कुठल्या कुठल्या गावांत गेला, मला ठाऊक नाही. तो जिथे गेला तिथे हाही जायला हवा.

तू मला ‘कागदवाली’ म्हणायचास. खोटं नव्हतं. बाबा आदिलाबादच्या छापखान्यात खिळे जुळवायचे. मी बाराखडी शिकले ती रद्द झालेल्या प्रुफांवर. संपाची पत्रकं, सभेची आवाहनं, निषेधाचे कागद, हेच माझ्या लहानपणाचं खाऊचं पुडकं. छापलेलं वाक्य माणसाला फक्त उठवून उभं करतं, असा माझा समज होता. उभ्या माणसाला ते खाली बसवूही शकतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी कुणाला विचारलंही नव्हतं.

तुला लिहिता-वाचता येत नव्हतं. तुला विहिरी वाचता यायच्या. तामसीच्या वाटेवरच्या किती गावांत बुजलेल्या विहिरींतला गाळ काढायला लोक तुला बोलवायचे. मी दहा वर्षांची असताना एकदा हट्टाने तुझ्यामागे आले होते. विहीर कित्येक वर्षं कुणी वापरली नव्हती. तू काठावर उकिडवा बसलास, कंदील पेटवलास, दोराला बांधलास आणि हळूहळू खाली सोडलास. कंदील तळाशी जाऊन मिणमिणला, मग गेला. तू दोर वर ओढलास.

“आज काम बंद,” तू म्हणालास. “खाली हवा नाई.”

“दिसते त मोकळी,” मालक कुरकुरला.

“तुले दिसते त तू उतर.”

तो उतरला नाही. दुसऱ्या दिवशी तू कडुलिंबाची मोठी फांदी दोराला बांधून अर्धा दिवस खालीवर केलीस, पुन्हा कंदील सोडलास, तो तेवत राहिला, मग उतरलास. उतरण्याआधी विहिरीला हात जोडलेस. मला त्या हात जोडण्याचा पुढे फार राग यायचा. त्यावरून आपण किती भांडलो, मामा. मी म्हणायची, दगडामातीला काय हात जोडतोस? तू म्हणायचास, “ज्याच्या पोटात उतराचं त्याले इचारा लागते.” मी याला अंधश्रद्धा म्हटलं. एका पत्रकात तसं लिहिलंसुद्धा, नाव न घालता. तुला वाचूनही दाखवलं. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, “चांगलं लिवलं. पन मी जोडीनच.” ते भांडण तिथेच राहिलं. आता मला त्यात हरायचं आहे आणि समोर कुणी नाही.

आपल्या वाडीतल्या माळ्यांच्या आठ घरांचं दुखणं वेगळंच होतं. विहिरींना पाणी होतं. ते वर आणायला ताकद नव्हती. करंट यायचा तो त्याच्या मर्जीने, आणि आला तरी इतका मंद की मोटार घरघर करून जळायची. खांब बदलून द्या म्हणून तू विजेच्या दफ्तरात अर्जी घेऊन गेलास. तिथला माणूस तेलुगूत म्हणाला, “रेपु रा.” उद्या ये. तू परत आलास तेव्हा मी विचारलं, काय झालं? “तेलगू शिकून राह्यलो,” तू म्हणालास. “आज एक शब्द आला. उद्याही तोच शिकवनार हाय.” मग डिझेलचं इंजन घेतलं, तर डिझेल आदिलाबादहून डब्यात भरून आणायचं. कंडक्टर डबा पाहिला की दारातूनच हात हलवायचा. पाणी डोळ्यांसमोर आणि भेंडी करपलेली, असे उन्हाळे आपण काढले.

तेव्हा माझ्या हाती गोबरगॅसची एक तेलुगू पुस्तिका पडली. गोठ्यातलं शेण खड्ड्यात कालवायचं, वर लोखंडी टाकी पालथी घालायची, तिच्यात गॅस साठतो, तो नळीने इंजनाला द्यायचा. डिझेल लागतं ते सुरुवातीला आणि नंतर थोडं थोडं. उरलेली मळी खत म्हणून वाफ्यात. मी पेटून उठले. ही ताकद रोज आपल्याच गोठ्यात पडते, तिच्यासाठी कुणाच्या दारात उभं राहायचं नाही, कुणी तार कापू शकत नाही. आपल्या माणसांना तेलुगू वाचता येत नाही, म्हणून मी त्यातलं निवडून मराठीत एक पत्रक केलं. पाठपोट एक पान. छापायच्या आधी तुला वाचून दाखवायला आले. तू वांग्याच्या वाफ्यात गवत उपटत होतास, मान वर न करता सगळं ऐकलंस.

“झकास,” तू म्हणालास. “आता यात काय नाई लिवलं ते सांग.”

“मंजे काय?”

“मंजे उतराचं काई आलं नाई. खड्डा हाय त कदी ना कदी उतराच लागते.”

“पान भरलं, मामा.”

“त मोठं पान घे.”

“एका पानाच्या वर कोनी वाचत नाई.”

“मी त एकही वाचत नाई,” तू म्हणालास आणि आपण दोघं हसलो.

पान खरंच भरलं होतं. तळाला मी जाड खिळ्यांत एक ओळ टाकली होती: डिझेलची गुलामी सोडा, आपल्या गोठ्यातली ताकद ओळखा. तिच्यावर चौकटीत सूचना होती: गॅसच्या खड्ड्याजवळ विडी, काडी, दिवा, कंदील, कुठलीही आग नेऊ नये. हे बरोबरच होतं, मामा. मी आजही म्हणेन की बरोबर होतं. तो गॅस पेट घेतो. मी ‘कंदील’ हा शब्द मुद्दाम घातला होता, तुझ्यासारख्यांसाठी.

आठ घरांनी मिळून टाकी बसवली. पहिल्या दिवशी तू खड्ड्याला नारळ फोडलास आणि मी तोंड फिरवून लांब उभी राहिले. मग इंजन सुरू झालं. डिझेलची चावी तू हळूहळू आवळत गेलास आणि इंजन बंद पडेना. आपला शेजारी लच्छन्ना पाटात पाय सोडून बसला होता. “काय बापा,” तो म्हणाला, “म्हशीनं पानी ओढून राह्यली, अन् जागची हललीबी नाई.” जो डबा चार दिवसांत संपायचा तो पंधरा दिवस पुरू लागला. त्या उन्हाळ्यात आपल्या वाडीची भेंडी निर्मलच्या बाजारापर्यंत गेली. तू मला एक टोपली वांगी दिलीस आणि म्हणालास, “ही तुह्या कागदाची.” आयुष्यात मला मिळालेली ही एकच पावती. ती मी कुठे ठेवू आता?

चार वर्षं ते चाललं. या वर्षी गॅस मंदावला. तळाशी माती आणि कडब्याचं कुटार साचलं होतं, खड्डा साफ करायला हवा होता. सहा जणांनी टाकी उचलून बाजूला ठेवली, दोन दिवस बादल्यांनी मळी उपसली. तळाला गुडघाभर घट्ट चिखल उरला. तिसऱ्या दिवशी सकाळी तू आलास तो दोर आणि पेटता कंदील घेऊन.

ऊन लख्ख होतं. वारा नव्हता, पान हलत नव्हतं.

“काऊन मामा,” लच्छन्ना म्हणाला, “सूर्य पुरून नाई राह्यला का?”

सगळे हसले. आणि मी, मामा, मी पुढे आले. मला वाटलं, चार वर्षं वाचून दाखवलं तरी हा माणूस आपलंच करतो. सगळ्यांसमोर म्हणाले, “इथं कंदील आनला? कागदात काय लिवलं होतं?”

तू कंदिलाकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस. “मंग खालची हवा कशी पाहू?”

“दोन दिवसापासून उघडा हाय खड्डा. हवाच हवा हाय.”

हे माझं वाक्य. छापलेलं नाही, पण माझंच. तू फुंकर मारून कंदील विझवलास आणि गवतावर ठेवलास. “बरं,” तू म्हणालास, “शिकलेल्याचं ऐका लागते बापा.” थट्टेतच म्हणालास. तरीही खड्ड्याला हात जोडलेस. मी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं.

तू शिडीने उतरलास. फावडं चिखलात घातलंस तेव्हा बुडबुडे वर आले. दोन बादल्या भरून वर आल्या. तिसरी अर्धीच आली. मग तू खाली बसलास, जेवण झाल्यावर माणूस बसतो तसा, खांदा भिंतीला लावून, आमच्याकडे पाठ करून.

“मामा, बसला काऊन?” लच्छन्नाने विचारलं. त्याच्या आवाजात अजून थट्टा होती.

तू वर पाहिलं नाहीस. लच्छन्ना धावत शिडीवर गेला, तीन पायऱ्या उतरला आणि त्याचा हात सुटला. दोघांनी त्याचा सदरा धरून त्याला वर ओढलं. तो गवतावर पालथा पडून ओकत राहिला. तिसरा कुणीतरी पाय टाकत होता. त्याच क्षणी मला ती ओळ आठवली. पुस्तिकेतली, माझ्या पानात न मावलेली. मी ओरडले, उतरू नका, कुणी उतरू नका. माणसं थांबली. त्यांनी माझं ऐकलं. माझं ऐकायची त्यांना सवय झाली होती. विहिरीत पडलेल्या बादल्या काढायचा लोखंडी गळ आणला आणि तो तुझ्या कमरेला कसलेल्या धोतरात अडकवून तुला वर काढलं. तोवर जो वेळ गेला तो गेला.

संध्याकाळी आदिलाबादला घरी जाऊन मी पुस्तिका काढली. ओळ तिथेच होती. एक नव्हे, चार होत्या. खड्डा रिकामा झाला तरी बरेच दिवस उघडा ठेवायचा. फांदीने आतली हवा ढवळायची. आधी टोपलीत कोंबडी सोडून बघायची. शक्य तोवर वरूनच साफ करायचं, आणि उतरणाऱ्याच्या अंगाला दोर, दोराला वर माणसं. फांदीचं तर तुला माहीतच होतं. कोंबडीचं कळलं असतं तर तू हसला असतास, पण सोडली असतीस. त्या खड्ड्यात दोन धोके होते. एक मी तुला सांगितला. दुसरा ओळखायची तुझी जी रीत होती ती मी तुझ्या हातातून काढून घेतली आणि तिच्या जागी काहीच दिलं नाही. चार ओळींची जागा लागली असती. त्या जागेत मी जाड खिळ्यांत घोषणा छापली होती.

त्या सकाळी मामी घरी भाकरी थापत होती. तिने आपलं बोलणं ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती एकच विचारायची. “त्यायनं कंदील काऊन नाई सोडला वो? जलमभर सोडला. त्याच दिवशी काऊन नाई?” लोक माझ्याकडे पाहायचे आणि मान खाली घालायचे. लच्छन्ना म्हणाला, “नशीब, मामी.” ते सगळे मला सांभाळत होते. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

वाडीतले काही म्हणू लागले, खड्डा बुजवून टाका. कडेने काटेरी फांद्या टाकल्या आहेत. शेणाचा गॅस माणसाला खातो, असं बाया बोलतात. भेंडीने माना टाकल्या आहेत. मी अजून त्या टाकीच्या बाजूची आहे, मामा. ती ताकद खरी होती, तू तिच्यावर चार वर्षं पाणी काढलंस. पण आता हे बोलायला तोंड उघडलं की मला तुझी बसलेली पाठ दिसते.

सहाव्या दिवशी तामसीपलीकडच्या गावाहून एक जण भेटायला आला. बोलता बोलता म्हणाला, शंकरनंही टाकी काढली, पावसाच्या आत साफ करून राह्यले. शंकरला तू ओळखतोस. आपली टाकी पाहून त्याने बसवली, विटा रचायला तू गेला होतास, पत्रक मीच त्याच्या हातात दिलं होतं. मला तेव्हाच उठायला हवं होतं. मी उठले नाही. तिथे जाऊन सांगायचं म्हणजे सगळं सांगायचं, आणि तिथे सांगितलेलं इथे मामीच्या कानावर येणार. ती अख्खी संध्याकाळ आणि पुढची सकाळ मी नुसती बसून राहिले. तू गेलास तो माझा अजाणपणा होता असं मी स्वतःला सांगू शकते. या वेळाचं काय सांगू?

सातव्या दिवशी सकाळी मामीने पुन्हा विचारलं. घरात आम्ही दोघीच होतो.

“मामी, कंदील मी विझवाले लावला.”

तिने विचारलं, “कोनाच्या सांगन्यावरून?”

“माह्याच. कागदात आग नेऊ नोका लिवलं होतं. हवेचं लिवलंच नाई.”

“अन् त्यायनं ऐकलं?”

“हो.”

“माहं त कदी नाई ऐकलं,” मामी म्हणाली, आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा रडली. मी तिच्याजवळ जायला धजले नाही. रडून झाल्यावर तिने पदराने तोंड पुसलं. “शंकरच्या गावची टाकी कदी साफ करनार हायेत?”

“काढली म्हणे. आज-उद्या उतरतीन.”

“अन् तू इथं बसून काय करून राह्यली?”

ती उठली. डोक्यावर पदर घेतला आणि माझ्याआधी उंबऱ्याबाहेर पडली. शेजारची म्हातारी ओरडली, “सुतकात कुठं निंगाली वो?”

“सुतक एका घरी पुरे,” मामी म्हणाली.

बसमध्ये गावच्या लोकांनी आम्हाला जागा दिली आणि लांब सरकले. मामी खिडकीबाहेर पाहत होती. मी मनात वाक्य जुळवत होते. ‘अपुऱ्या माहितीमुळे एक दुर्दैवी प्रसंग घडला.’ हे मी ओठांत म्हणून पाहिलं आणि मला माझी शिसारी आली. दफ्तरातली माणसं असं बोलतात, आणि मी त्यांच्याविरुद्ध पत्रकं काढत आले. तामसीला उतरून पुढे पायवाट. मला पळायचं होतं, पण मामीला दम लागत होता. दर वळणावर मी कानोसा घेत होते, कुठून रडणं ऐकू येतं का.

रडणं नव्हतं. खड्ड्याभोवती दहा-बारा माणसं होती आणि शंकर काठावर होता. चपला काढून ठेवलेल्या, एक पाय शिडीवर. मला पाहून त्याचा चेहरा उजळला.

“बरं झालं ताई आल्या. आमी समदं कागदाबरहुकूम करून राह्यलो. पाहा, सगळ्याईच्या विड्या-काड्या घरी ठेवाले लावल्या.”

मामी म्हणाली, “वर ये, भाऊ.”

“एवढं उरकून येतो, मामी. मामाचं ऐकलं, लय वाईट...”

“वर ये म्हणते ना.”

त्याने पाय तसाच ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. “कागदात त नाई लिवलं, उतरू नोका.”

“नाई लिवलं,” मी म्हणाले. “ते लिवाचं होतं, मी लिवलं नाई. खाली हवा नसते. मामा ते पाहाले कंदील घेऊन आला होता, तो मी विझवाले लावला. म्हणून मामा गेला.”

मागून एकाने विचारलं, “मंग आता तू सांगते ते तरी खरं कायवरून?”

आठवडाभरापूर्वी मी यावर तासभर बोलले असते. आता मी पिशवीतून पुस्तिका काढली आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले. तेलुगूची ओळ वाचायची, मग मराठीत सांगायची, एकही न गाळता. सिमेंटचं मिश्रण, नळीचा जाडपणा, गायीचं शेण, म्हशीचं शेण, सगळं. चार ओळींशी आले तेव्हा मी त्या दोनदा वाचल्या. शंकरचा पाय अजून शिडीवर होता आणि मी पुस्तिकेवरून नजर काढून त्या पायाकडे पाहत होते. त्याने तो उचलून जमिनीवर ठेवला.

“म्हंजे आठ-पंधरा दिवस असाच राहू देऊ?” त्याने विचारलं.

“राहू दे. लांब दांड्याच्या फावड्यानं वरूनच काढा. कोनी उतरू नोका.”

“अन् भाजी?”

“भाजी वाळन,” मामी म्हणाली.

शंकरने एकदा खड्ड्यात पाहिलं. मग वाकून त्याने चपला घातल्या, बाकीच्यांना शिडी काढून घ्यायला सांगितलं आणि जेवायला घरी निघाला. वाफ्यांमधली वाट होती. तो चालत गेला, मामा. घरात शिरून दिसेनासा होईपर्यंत मी त्याच्या पाठीकडे पाहत उभी होते.